हरिहरशेटची स्वच्छ टाकी

दामाजी कोळ्याला गटाराची शिसारी कधी आली नव्हती. अकरा वर्षे तो गटाराच्या तोंडाशी बसून भाकरी खात आला होता.

ठाण्याहून कल्याणाकडे जाताना खाडीच्या काठी जे गाव लागते, त्याचे मोठे गटार बाजाराखालून फरशांच्या आड वाहत येई आणि कोळीवाड्यापाशी खाडीला मिळे. त्या जागी नगरपालिकेने दगडी बांधात एक सागवानी दार बसवले होते. त्याला उघाडी म्हणत. ओहोटी लागली की दार दोराने वर ओढायचे, गावाचे पाणी खाडीत सोडायचे. भरती लागली की दार खाली सोडायचे, म्हणजे खाडी उलटी गटारात शिरत नसे. काम एवढेच, पण ते घड्याळावर होणारे नव्हते. भरतीची वेळ रोज पुढे सरकते आणि ती कोळ्याच्या हाडात असते. होडीवरून पडून दामाजीचा उजवा खांदा निकामी झाला, तेव्हा त्याला ही नोकरी मिळाली ती त्या हाडांमुळे.

माणसाची घाण, मेलेल्या घुशी, सडलेला भाजीपाला, सगळे त्याच्या पायांखालून वाहून गेले होते. त्याचे त्याला काही वाटत नसे. ती घाण पाण्याबरोबर येई आणि पाण्याबरोबर जाई. पण गेल्या दोन वर्षांत जे येऊ लागले होते ते जात नव्हते.

ती चरबी होती. वनस्पती तूप, जळके तेल, कढईच्या बुडाचा गाळ, खरकट्या भांड्यांचा तवंग. गरम पाण्याबरोबर पातळ होऊन यायची आणि गटाराच्या गारव्यात थिजायची. फरशांना खालून लोंबायची, भिंतींना बिलगायची, आणि शेवटी दाराच्या दोन्ही बाजूंच्या दगडी खाचांत येऊन बसायची. पांढरट पिवळी, बोटाला मऊ, आत कडक. कोयत्याने तोडली की भसकन वास सुटे, आणि तो वास शेणाचा नव्हे की मेल्या जनावराचा नव्हे, तर जेवणाचा. कुजलेल्या जेवणाचा. घाणीला घाणीचा वास येतो, त्यात फसवणूक नसते. इथे मात्र दामाजीच्या नाकाला आधी पुरी आठवायची आणि मग पोटातून उमासा यायचा.

माती लावून, राखेने घासून हात धुतला तरी घासाला तो बुळबुळीतपणा लागे. घरात कुणी काही तळायला घेतले की तो उठून ओट्यावर जाई. बायको जनाबाई म्हणे, "तुमच्यापायी आमी सगली आता उकडूनच खातंव. आजारी हाव का आमी, पेज खायाला?"

खरे तर यावर उपाय झाला होता. मागच्या वर्षी, म्हणजे सन पंचावन्नात, नगरपालिकेने नियम काढला. खाणावळ, मिठाई, फरसाण, ज्याची भट्टी असेल त्याने आपल्या मोरीवर एक सिमेंटची टाकी बांधावी. मोरीचे पाणी आधी टाकीत यावे, तेल वर तरंगून थिजावे, पाणी खालच्या नळीने गटारात जावे, आणि दर आठव्या दिवशी वरची साय मालकाने काढून टाकावी. नोटिशीत तिला ग्रीस ट्रॅप म्हटले होते. लोक तेलटाकी म्हणत. चार दुकानांनी टाक्या बांधल्या. नगरपालिकेचे स्वच्छता निरीक्षक त्र्यंबकराव दर महिन्याला त्या पाहून वहीत लिहीत. आणि चरबी मात्र आधी होती त्याहून वाढली होती.

श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी, दार खाली पुरते बसेना. वीतभर वरच अडकले. दामाजीने खाचेतून एक गोळा तोडून काढला. कापल्यावर त्यात थर दिसले. एक पिवळा, एक मळका, एक नारिंगी, पुन्हा एक पिवळा. नारिंगी थरावर त्याची नजर थांबली. तसल्या रंगाची जिलबी सबंध गावात एकच माणूस करी. डोंबिवलीची माणसे लग्नासाठी तिची बुट्टी भरून नेत.

"हा थर अखितीचा," तो पुतण्या कान्हाला म्हणाला. "हा पाटलाच्या घरच्या लग्नाचा. हरिहरशेटचं समदं वरीस हाय यात."

"मंग जा ना, त्यालाच नेऊन दाखवा," कान्हा नाकावर फडके धरून म्हणाला. "पन आधी माझ्यापासून लांब करा."

दामाजीने गोळा वडाच्या पानांत गुंडाळला आणि तो नगरपालिकेच्या कचेरीत गेला.

त्र्यंबकराव तसे सज्जन होते. चहाला कुणाचा पैसा घेत नसत. टेबलावर पाने उलगडली गेली तेव्हा ते खुर्चीसकट मागे सरकले.

"अरे, अरे! काय आणलंस हे? कुठलं प्रेत?"

"हरिहरशेटची जिलबी हाय सायेब."

"उचल आधी! उचल म्हणतो ना!" त्यांनी रुमाल काढला. "शी! दामाजी, माणूस आहेस की कोण? सकाळी सकाळी!"

"मी तं रोजच सकाली बघतंय. पौर्णिमेला उधान हाय. दुपारी एकाला भरती चढल. दार बसलं नाय तं पानी पयलं माझ्या घरात, मंग समद्या कोलीवाड्यात."

"दार बसवणं तुझं काम," त्र्यंबकराव म्हणाले. पण वही त्यांनी उघडली, कारण त्यांना स्वतःच्या वहीचा अभिमान होता. "हे बघ. हरिहर यांची टाकी. चैत्र, स्वच्छ. वैशाख, स्वच्छ. ज्येष्ठ, अतिशय स्वच्छ. बाकीच्या तिघांना मी दोनदा दंड केलाय. हरिहरशेटची टाकी म्हणजे, अरे, त्यात पान मांडून जेवावं!"

"झाकन उघडून बगलंत?"

"तर काय वरून वास घेऊन लिहितो?" ते चिडले. "तुझी खाच तुंबली, तू महिनोन्‌महिने साफ केली नाहीस, आणि आता पौर्णिमा आली म्हणून लोकांवर ढकलतोस. पाणी गल्लीत शिरलं तर नोकरी जाईल, सांगून ठेवतो."

दामाजी गोळा पानांत गुंडाळू लागला. त्याची बोटे त्यात रुतली, आणि त्र्यंबकरावांनी तोंड फिरवले. मग न पाहताच म्हणाले, "चल. तुझ्या डोळ्यांनी बघ. म्हणजे तोंड बंद होईल."

हरिहरशेटचे दुकान बाजाराच्या अगदी खालच्या टोकाला, कोळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर होते. पुढे मिठाई, मागे खाणावळ, त्यामागे अंगण आणि विहीर. दामाजीला दुकानातून जाता आले नाही. बाजूच्या बोळातून यायला सांगितले गेले, आणि विहिरीपासून दहा हात लांब उभे राहायला. हरिहरशेटची आई सुमतीआक्का ओलेत्याने विहिरीशी उभ्या होत्या. सगळा गाव त्यांच्या सोवळ्याला वचकून असे.

"हा काय बघायला आलाय?" त्यांनी विचारले.

"टाकी, आक्का," त्र्यंबकराव नरमाईने म्हणाले. "याला जरा दाखवायची आहे."

आक्कांचा चेहरा उजळला. "बघ रे बाबा. तुमच्या सरकारनं बांधायला लावली, दोन हातांवर विहीर, मला केवढा घोर लागला होता! पण म्हटलं, बांधलीच आहे तर आपल्या घराला शोभेल अशी ठेवू. रोज राखेनं घासते मी."

त्यांनी स्वतः लाकडी झाकण उचलले. बोळाच्या पायरीवर चढून दामाजीने मान लांब केली.

आत गुळगुळीत सिमेंट होते, कोरडे आणि गार. तळाशी पाट, पाटावर लिंबाच्या लोणच्याच्या दोन बरण्या, दह्याचा सट, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला लोण्याचा गोळा. एक मुंगीसुद्धा नव्हती.

"जेवावं यात," त्र्यंबकराव हळूच म्हणाले. "बघितलंस?"

दामाजीची नजर टाकीच्या चारी भिंतींवरून फिरली. मग त्याने विचारले, "मंग मोरीचं पानी कुटं जातं?"

त्र्यंबकरावांनी टाकीकडे पाहिले, मोरीकडे पाहिले, मग पुन्हा टाकीकडे. मोरीतून निघालेला खापरी नळ टाकीला वळसा घालून, भिंतीखालून थेट गटाराकडे गेला होता. त्याच्या तोंडाशी पिवळे ओघळ थिजून बोटासारखे लोंबत होते. वर्षभर त्र्यंबकराव महिन्यातून एकदा त्याच्यावरूनच पाय टाकून टाकीपाशी येत होते.

"मोरीचं?" आक्का म्हणाल्या. "शी! खरकटं पाणी माझ्या टाकीत? विहिरीला लागून? ते बाहेर जातं. गटारात. नाहीतर गटार कशाला असतं?"

"ते माझ्या घरात येतंय, आक्का," दामाजी म्हणाला.

"तुझं घर तिकडेच आहे ना," आक्का सहज म्हणाल्या. त्यात राग नव्हता. त्यांनी झाकण लावले आणि हात धुतले.

तेवढ्यात हरिहरशेट कमरेला पंचा गुंडाळून आतून आला. त्याच्या कोपरापर्यंत तुपाचा चकचकाट होता, आणि त्या हातांच्या वासाने दामाजी एक पाऊल मागे सरला. प्रकरण समजल्यावर शेट हसला. "नियमात टाकी स्वच्छ ठेवावी असं आहे की नाही, रावसाहेब? आहे ना? मग! आणि पौर्णिमेच्या नऊ मणांच्या ऑर्डरी आहेत माझ्या. कल्याणहून माणसं येणार. आता मोरी फोडून कुठे बसू? पौर्णिमा होऊ दे."

त्र्यंबकराव ओशाळले होते. बारा महिने आपल्याच हाताने "स्वच्छ" लिहिले होते, ते आता खोडायचे कसे? त्यांनी वहीत लिहिले, नळ टाकीस जोडण्यास पंधरा दिवसांची मुदत. दामाजीकडे न पाहता ते निघून गेले.

"गटाराचं गटारवाल्यानं बघावं," हरिहरशेट दामाजीला म्हणाला. "आणि जिलबी खायची असेल तर पुढून ये."

पौर्णिमेच्या आधीचे तीन दिवस दामाजी आणि कान्हा खाच खरवडत होते. दिवसा साफ करावी आणि सकाळी पुन्हा भरलेली असावी, कारण वरती नऊ मणांची तयारी चालू होती. तळणाच्या कढया सोड्याच्या गरम पाण्याने धुतल्या जात, आणि ते पाणी गटारात वाफाळत येई. त्यावर तेलाचे मोठमोठे डोळे तरंगत. दामाजीला त्या डोळ्यांचीही किळस येऊ लागली. दोन दिवस त्याने भात तेवढा खाल्ला, तोही थंड.

पौर्णिमेच्या सकाळी कोळीवाडा सजला होता. होड्यांना नवे रंग, बायकांना नवी लुगडी. जनाबाई मात्र घरातला सुका जवळा टोपल्यांतून माळ्यावर चढवत होती. पावसाळाभर विकायचा माल तोच होता. सात टोपल्या होत्या. शिडी मोडकी आणि गुडघे दुखरे, त्यामुळे दहा वाजेपर्यंत चारच चढल्या.

दहाला भरतीचे पाणी दाराशी आले. दामाजीने दोर सोडला. दार खाली आले आणि वीतभर राहून थांबले.

"मार!" तो ओरडला. कान्हाने वरून लाकडी मोगरी घातली. दार हलले नाही. खालच्या फटीतून खाडीचे पाणी सळसळत आत येऊ लागले. थोडा वेळ ते गटाराने सामावून घेतले. पण गटाराचे पोट चरबीने निम्मे भरले होते. तासाभरात कोळीवाड्यातल्या फरशांच्या सांध्यांतून पाणी वर फुटले. काळे, वर पिवळे तुकडे तरंगणारे. पहिल्यांदा ते दामाजीच्याच उंबऱ्यावर चढले.

"अवं!" घरातून जनाबाईची हाक आली. "आलं! आत आलं!"

दामाजी दाराच्या गावाकडच्या अंगाने गटारात उतरला. पाणी छातीपर्यंत होते आणि कोमट होते. तो कोमटपणा खाडीचा नव्हता. त्याने डावा हात खाली घातला, दाराच्या बुडाशी चाचपले. तिथे, नेमक्या उंबरठ्याच्या दगडावर, आदल्या दिवसाचे तळण थिजून उशीएवढे झाले होते. हात आत रुतला आणि रुततच गेला. आत कढीपत्त्याची पाने लागली, जिलबीचे वेटोळे लागले, काहीतरी केसाळ लागले. पाण्याची एक लाट त्याच्या ओठांना लागून गेली. तो ओकला. ओकून झाल्यावर पुन्हा हात घातला.

"बाहेर या, काका!" कान्हा वरून म्हणाला. "मरू दे दार!"

"घरात तुझी काकी हाय," दामाजी म्हणाला. "मी सांगन तवा मार."

मुठीमुठीने तो ती चरबी उपसत राहिला. ती बोटांतून सटके, पुन्हा बसे. कोयता चालेना, तो नुसता घसरे. शेवटी त्याने नखांनी पोखरली. मध्येच तो पुन्हा ओकला, पण आता पोटात काही नव्हते, नुसते पाणी पडले. मग दगड बोटाला लागला. उघडा, खरखरीत दगड.

"मार!"

मोगरी पडली. दार धाडकन खाली बसले. दामाजीने हात काढून घेतला तो एका नखावाचून.

कोळीवाड्यातले पाणी चढायचे थांबले. त्याच्या घरात घोट्यापर्यंत आले होते. तीन टोपल्या जवळा भिजून गेला होता, आणि त्यावर तुपाची साय चढली होती. जनाबाईने त्यातली मूठ उचलली, नाकाशी नेली आणि टाकून दिली. "कुत्रं खानार नाय," ती म्हणाली. पण चार टोपल्या कोरड्या होत्या.

साडेबारा वाजले असतील. वर बाजाराकडून हरिहरशेट धावत आला, अनवाणी, गुडघ्यापर्यंत काळा. मागून त्र्यंबकराव छत्री सावरत येत होते.

"दामाजी! दार उघड! अरे, मोरीतून उलटं येतंय! अंगणात, भट्टीपाशी... आक्कांच्या टाकीत गटार शिरलंय! लोणच्याच्या बरण्या तरंगतायत! विहिरीत जाईल आता!"

दामाजी बांधावर बसला होता. अंगावरून पिवळे ओघळ निथळत होते. शेट जवळ आला आणि वासाने आपोआप थांबला. आपल्याच तळणाचा वास त्याला ओळखता आला नाही. त्याने नाकाला पंचा लावला.

"तुमचंच पानी चरबीला अडून मागं फिरलंय. उघडून काय व्हनार शेट?" दामाजी म्हणाला. "खाडी आता तुमच्या टाकीच्याबी वर हाय. दार उचललं तं तुमचं जानार नाय, खाडी आत येल. तुमची विहीर बी जाल आनि माझं घर बी."

"मग मी करू काय?"

"भट्टी विजवा. वरनं थेंबभर पानी सोडू नका. चारला खाडी दाराखाली उतरल तवा उघडीन."

"चारपर्यंत भट्टी बंद? पौर्णिमेला? अरे, तीन मण अजून तळायचंय माझं! रावसाहेब, याला सांगा. तुम्ही हुकूम करा, उघड म्हणावं."

दामाजी उठला. दोराचे टोक त्याने त्र्यंबकरावांपुढे धरले. दोर चरबीने माखलेला होता. "हुकूम कशाला सायेब? तुमीच वढा."

त्र्यंबकरावांनी दोराकडे पाहिले. मग दाराच्या एका बाजूला उचंबळणारी खाडी पाहिली, दुसऱ्या बाजूला तुंबलेले गटार पाहिले. त्यावर जिलबीचे नारिंगी तुकडे गोल फिरत होते. त्यांनी बांधाच्या कडेला जाऊन घडघडा ओकून घेतले. परत आले तेव्हा छत्री मिटलेली होती.

"हरिहरशेट," ते म्हणाले, "भट्टी विझवा. आत्ता. नाहीतर मी जाऊन पाणी ओततो."

भट्टी विझली. विहीर वाचली, चार बोटांनी. चार वाजता दामाजीने दार वर ओढले आणि तुंबलेले सगळे एका घुसळणीने खाडीत गेले. कोळी नारळ वाहायला किनाऱ्यावर जमले होते. त्यांनी पाण्यावर पसरत जाणारा तो तेलकट पट्टा पाहिला आणि नारळ घेऊन ते दोन फर्लांग वर चालत गेले.

आक्कांनी बरण्या फोडून टाकायला लावल्या. तीन दिवस त्या जेवल्या नाहीत. टाकीत त्यांनी पुन्हा डोकावले नाही, आणि दुसऱ्याच आठवड्यात मोरीचा नळ टाकीला जोडला गेला. ते करायला त्र्यंबकरावांना वही उघडावी लागली नाही.

पण आठव्या दिवशी अडचण उभी राहिली. टाकी भरली, वर चार बोटे साय आली, ती काढणार कोण? नगरपालिकेचा सफाईवाला धाकू बोळातून आला, तर आक्का विहिरीशी आडव्या उभ्या. "इथून पुढे नाही." घरातला गडी म्हणाला, मी स्वयंपाकाचा माणूस. त्र्यंबकरावांनी नियमाचा कागद उलगडून वाचला. आठव्या दिवशी मालकाने. पुन्हा वाचला. मालकाने.

"याला जमतं ना, यालाच सांगू," हरिहरशेट दामाजीकडे बोट दाखवून म्हणाला. त्याला मुद्दाम बोलावून आणले होते. "मी दर आठवड्याला मिठाई देईन."

"मना नको तुमची मिठाई," दामाजी म्हणाला. "मी फकस्त दाखवीन कसं करायचं."

झाकण उघडले गेले. आक्का आत निघून गेल्या आणि आतून त्यांनी दार लावून घेतले. हरिहरशेट गुडघ्यांवर बसला. हातात लोखंडी झारा होता, बुंदी पाडायचाच, दुसरा नव्हता. साय पिवळी होती, वर बुरशीची लव होती, आणि झारा टेकताच तिला चीर जाऊन आतला वास वर आला. शेटने डाव्या हाताने नाक घट्ट दाबले.

दामाजी विहिरीपासून दहा हात दूर, नेमून दिलेल्या जागी उभा होता.

"नाक दाबू नका शेट," तो म्हणाला. "मंग तोंडानं श्वास घ्यावा लागतो, नि चव लागते."